पाटावरची सुपारी

पोराच्या लग्नानंतर आमच्यात जागरण-गोंधळ घालावाच लागतो.
मखमलाबादहून वाघ्या आला, बरोबर दोघं, तुणतुणं, दिमडी,
आणि पाच उसांचा मांडव उभा राहिला
सातपूर कॉलनीतल्या आमच्या हॉलमध्ये,
टीव्हीवर चादर टाकून.

वाघ्या म्हणाला, जोडीनं बसा.
मी म्हणालो, जोडी स्वयंपाकघरात आहे.

सगळे हसले. वहिनी हसली नाही.
मग त्यानंच पिशवीतून एक सुपारी काढली,
हळद लावली, तांदळाच्या चिमटीवर ठेवली
माझ्या उजव्या हाताला, रिकाम्या पाटावर.
नसलेल्या बायकोसाठी शास्त्रात सोय आहे.
असलेलीसाठी त्यानं ती तिथल्या तिथे केली.

आत चंद्रकला पुरण वाटत होती,
चाळीस माणसांचं, एकटी.

एकोणीस वर्षं झाली तिला उपदेश घेऊन.
भावाची दारू सोडवायला म्हणून त्याला घेऊन गेली होती
दिंडोरी रोडच्या आश्रमात.
भाऊ चार महिन्यांत परत प्यायला लागला.
ती राहिली.
एका रात्री म्हणाली, देवता वेगळ्या आणि परमेश्वर वेगळा.
मी सेकंड शिफ्टहून आलो होतो, बूट काढत होतो,
म्हणालो, भाजी काय केलीस?

आजोबांचे टाक अजून कोनाड्यात आहेत.
पूजा मी करतो, चुकतमाकत, कामावर जायच्या घाईत.
ती कोनाड्याची धूळ पुसते
कडेपर्यंत.
कडेच्या आतली माझी.

चंपाषष्ठीला वांगी तीच भाजते, भाकरी तीच थापते,
आणि तळी भरायच्या आधी
आपलं ताट वाढून बाजूला काढते.
नैवेद्य झाल्यावर ते अन्न तिला चालत नाही.
मला आधी याचा राग यायचा.
पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं,
आधी वाढलेलं ते ताट ती आधी जेवत नाही.
माझा येळकोट होईस्तोवर झाकून ठेवते
आणि गार भाकरी खाते
माझ्यासमोर बसून.

मटण मी बाहेर खातो, पपया नर्सरीजवळ, महिन्यातून एकदा.
दारातच ती तांब्या पुढे करते.
विचारत काही नाही.

एकदाच आम्ही खरे भांडलो.
मोठा भाऊ गेला, रामकुंडावर अस्थी सोडून आलो,
अंगावरचं ओलं तसंच,
आणि ती म्हणाली,
मला जाळू नका हं. मातीत ठेवा. मिठात.
मी म्हणालो, आणि मी?
तुमचं तुमच्या रीतीनं.
म्हणजे मी पाण्यात वाहून जाणार, तू जमिनीत बसणार,
आणि मधे काय?
खूप ओरडलो मी. शेजारच्या आव्हाडांनी रेडिओ बारीक केला.
ती म्हणाली, आत्ता आहोत ना, कपडे बदला, सर्दी होईल.

पहाटे चारला वाघ्यानं लंगर तोडला.
माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.
उठताना हात टेकायला उजवीकडे पाहिलं,
तर सुपारी.
एवढीशी. गप्प. रात्रभर बसलेली.
भंडाऱ्यात ती वाहून नेतील, पायाखाली येईल,
म्हणून उचलली आणि खिशात टाकली.
आत गेलो तर चंद्रकला पोळपाटाशेजारी भिंतीला टेकून झोपलेली,
ओठ हलत होते. स्मरण.
हातावर पीठ वाळलेलं.

चार दिवसांनी ती कपडे भिजवत होती.
मला आठवलं, धावत मोरीपाशी गेलो.
पँट बादलीत बुडालेली होती.
सुपारी मात्र
फ्रिजवर, जिथे ती माझ्या खिशातले सुटे पैसे ठेवते,
त्या वाटीत, एका वेगळ्या फडक्याच्या तुकड्यावर.
तिच्या देवाची नसलेली वस्तू
तिनं कशी उचलली असेल, मी विचारलं नाही.

ती पाठमोरी होती. ब्रश जोरात चालला होता.
म्हणाली, खिसे बघून टाकत जा.
हळद जात नाही.